पंधराव्या वाढदिवसाचा झगा

ओलाव्हारिया, १२ ऑगस्ट

नोएलिया,

माझं काम तुझ्या एका सहीचं आहे. सोबतच्या कागदावर ती करून पाठवलीस, तर पुढचं एक अक्षर वाचलं नाहीस तरी चालेल. माझा फोन तू घेत नाहीस आणि या कामाला मुदत आहे, म्हणून टपालाऐवजी बसच्या पार्सल खिडकीवर पाकीट देते आहे. ते लोक दुसऱ्या दिवशी न्यूकेनला घरपोच देतात.

झालं असं. सोमवारी तुझ्या वडिलांच्या नावावर एक खोका आला. आणणाऱ्याने विचारलं, "रोसेन्दो इतुर्राल्दे?" मी म्हटलं, "मी त्यांची बायको." विधवा हा शब्द अजून तोंडात बसत नाही. मला वाटलं, कोऱ्या किल्ल्या असतील. दुकान बंद केल्यावरही ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी किल्ल्या घासत, आणि माल फोनवरून मागवत. उघडलं तर आत झगा. फिकट निळा, पायघोळ, जाळीच्या घेराचा. पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभात मुलींना घालतात तसला.

त्याच वेळी नेमकी शेजारची चोला आली.

"एकाहत्तराव्या वर्षी हा माणूस कुणाला नटवत होता गं?"

"दुकानाची चूक असेल."

"दुकानाची चूक, आणि कार्डावर हप्ते याच्या नावाने? एर्सिलिया, तू फार भली बाई आहेस. म्हणून तर मला तुझी धास्ती वाटते."

चुलीवर माते चहाचं पाणी तयार होतं, पण मी तिला एक घोटही विचारला नाही. तशीच वाटेला लावली. संध्याकाळी मीच तिच्या दारात गेले, कारण संगणकावर बटणं दाबायला दुसरं कोण आहे?

वाचनालयातून ग्राहक कायद्याचं पुस्तक आणलं आहे. तुला माहीत आहे, माझं वाचणं बोट ओळीवर ठेवून चालतं, पण चालतं. घरबसल्या मागवलेली वस्तू हातात पडल्यापासून दहा दिवसांत परत करता येते. कारण द्यावं लागत नाही. न्यायचा खर्चही दुकानाचा. हे 'कारण द्यावं लागत नाही' मी दोनदा वाचलं. इतकी सभ्य ओळ कायद्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. दुकानाच्या पानावर त्यासाठी एक बटण ठेवावंच लागतं, त्याचं नाव पश्चात्तापाचं बटण. चोलाने ते दाबलं. दुकानाचं उत्तर आलं की खातेदाराने दाबायला हवं. खातेदार वारला म्हणून कळवलं. मग म्हणाले, सगळ्या वारसांच्या सह्या आणा. वारस दोनच, तू आणि मी.

झगा कुणासाठी होता याची चौकशी मी केलेली नाही, करणारही नाही. जे माझं नाही ते मला घरात नको, एवढंच.

हिवाळा ऐन भरात आहे, थंडी फार. त्यांचा फोन मी अजून चालू ठेवला आहे, का ते विचारू नकोस. रोज दुपारी, लोक आडवे होतात त्या वेळेला, वाजतो. 'हार्डवेअर' असं नाव दिसतं. सामानाचं काही बाकी असेल. मी उचलत नाही.

आई


१६ ऑगस्ट

नोएलिया,

तुझा कागद अजून आलेला नाही. पण मी थांबले नाही, नगरपालिकेच्या ग्राहक कचेरीत गेले. तिथे पेराल्ता नावाची वकीलबाई आहे, तुझ्याच वयाची, टेबलाखाली शेगडी आणि खांद्यावर शाल. तिने माझ्यासमोरच दुकानाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. दुकान ब्युनॉस आयर्सचं, नाव लुसियेल. फोनवर त्यांची शिवणवाली मालकीणच होती. मागे यंत्रं चाललेली ऐकू येत होती.

"मापाने शिवलेला कपडा आम्ही परत घेत नाही," ती म्हणाली. "तुमच्या कायद्यातच आहे ते, वकीलबाई."

पेराल्ताने माझ्याकडे बघून मान हलवली. तसं खरंच आहे. एका माणसाच्या अंगाचं शिवलेलं दुसऱ्या कुणाला विकणार?

मी विचारलं, "कुणाच्या मापाने शिवला?"

"ज्या मुलीसाठी शिवला, तिच्या."

"ती मुलगी कोण?"

"बाई, ते मी कसं..."

"माझा नवरा मेला आहे. खोका माझ्या स्वयंपाकघरात आहे. मला कळू द्या."

यंत्रं थांबली. आपण काय बोललो ते मला तेव्हा कळलं, आणि पेराल्ताकडे बघायचं धैर्य होईना. पण ती शिवणवाली चांगली बाई निघाली.

"अहो, भलतंसलतं काही नाही. नातीसाठी आहे. पोरीनेच फोनवर मापं सांगितली. आजोबाही दुसऱ्या फोनवरून ऐकत होते. दर मापाला आपलं, 'नीट धरलीस ना फीत? पुन्हा मोज.' मी म्हटलं, साहेब, झगा आहे, कुलूप नाही. तर म्हणाले, 'कुलूप असतं तर मी स्वतःच केलं असतं.'"

हे बोलणं त्यांचंच. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही.

नोएलिया, मला एकच सांग. तुझ्या ब्रिसाची उंची किती आहे?

मी तिला पाहिलेलं नाही. तू पोटुशी असताना हे घर सोडलंस, आणि हे दार पुन्हा ओलांडू नकोस असं ते म्हणाले, ते मी ऐकलं. तुम्ही मेलात तरी येणार नाही असं तू म्हणालीस, तेही ऐकलं. दोघांनीही शब्द पाळला. निदान मला तसं वाटत होतं.

चोलाला अजून काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं आहे की शहराच्या पलीकडच्या वस्तीत कुणी बाई आहे. खरं सांगायचं तर चार दिवस मलाही तेच वाटत होतं. आता ते गेलं. त्याच्या जागी जे आलं, त्याला काय म्हणावं ते कळत नाही.

आई


१९ ऑगस्ट

नोएलिया,

हे पत्र खुर्चीत बसून वाच. ब्रिसावर ओरडायच्या आधी शेवटपर्यंत वाच.

परवा दुपारी 'हार्डवेअर'चा फोन मी उचलला.

"आजोबा! अखेर! कुठे होता तुम्ही? दुसरी कुणी श्रीमंत नात गाठलीत की काय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजोबा, रुसलात? मी रोज करते आहे फोन. त्याआधी आईच्या रात्रपाळ्या होत्या, दुपारी ती घरीच, म्हणून जमलं नाही. झगा आला का? हॅलो?"

मी म्हटलं, "मी एर्सिलिया."

ती मग अगदी हळू म्हणाली, "आजी?"

मला आजी म्हणणारं कुणी नाही, नोएलिया. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला आणि लगेच तिला सांगावं लागलं. मी कसं सांगितलं ते आठवत नाही. चांगलं सांगितलं नसणार. मला गोड करून सांगता येत नाही. ती "नाही" म्हणाली. मग म्हणाली, "पण त्यांनी तर सांगितलं होतं की येतो." मग रडली. मी फोन कानाला धरून उभी राहिले, शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी हलले नाही.

तू तिला कळवलं नव्हतंस यात तुझी चूक मी काढत नाही. ज्याला तिने पाहिलेलं नाही त्याचं मरण तिला कशाला सांगायचं, असंच तुला वाटलं असणार. तिची त्यांच्याशी ओळख आहे हे तुला तरी कुठे ठाऊक होतं?

ती रडून झाल्यावर मी विचारलं, ओळख कशी झाली. तर म्हणाली, फोनवरच्या नकाशात रस्त्यांची चित्रं दिसतात. तुझ्या जुन्या कागदांवरचा पत्ता घालून तिने हे घर शोधलं. दारावरची पाटी दिसली, 'किल्ल्या व कुलपं', खाली नंबर. तिने फोन केला.

"मी विचारलं, किल्ली करता का? ते म्हणाले, कुलूप कोणत्या कंपनीचं? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मग कुलूप घेऊन ये, पोरी. मी म्हटलं, लांब आहे, न्यूकेनला आहे. ते मग म्हणाले, तुझं नाव काय?"

दोन वर्षं, नोएलिया. ते दुपारी मागच्या खोलीत जाऊन दार लावायचे, आणि मी समजायची की झोपतात. मी ताटं विसळताना आवाज करायची नाही, झोपमोड नको म्हणून.

मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"आजोबा म्हणायचे, आजीच्या पोटात काही राहत नाही. ती आईला पत्र लिहील आणि आई माझा फोन काढून घेईल."

बघ, पत्र लिहितेच आहे. माणूस मला ओळखून होता. पण ओळखून असणं आणि मनात घेणं वेगळं. मेज एक, बिछाना एक, आणि त्यांच्याजवळ एक नात होती. मला त्यांनी तिचा आवाजसुद्धा दिला नाही. मी कुणावर रागावू? मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे भिंतीशी भांडणं. तरी मी दोन दिवस भांडते आहे.

झग्याचं असं: तू समारंभ करणार नाहीस हे तिला ठाऊक आहे आणि तिचं काही म्हणणं नाही. तुला ते सगळं फुकाचं वाटतं हेही तिने सांगितलं, आणि ते सांगताना तुझी बाजू घेतली. त्यांनी तिला विचारलं होतं, पंधराव्याला काय हवं? ती म्हणाली, झगा, आणि पहिला वॉल्ट्झ. बाप नसलेल्या मुलीबरोबर पहिला वॉल्ट्झ आजोबा नाचतो, तो. ते म्हणाले होते, "झगा पाठवतो आणि मागोमाग मी येतो. तुझी आई दार उघडेल की नाही ते बघू. नाही उघडलं तर कुलपांचं काम मला येतंच."

तिने शेवटी म्हटलं, "आईला सांगू नकोस." मी वचन दिलं नाही.

आई


२४ ऑगस्ट

नोएलिया,

तुझा कागद मिळाला. सही स्पष्ट आहे. सोबतची चिठ्ठीही वाचली: 'परत कर. सगळं परत कर.' त्यातलं 'सगळं' म्हणजे काय काय, ते मी विचारत नाही.

काल सुनावणी झाली. पेराल्ता, मी, आणि पडद्यावर दुकानाचा वकील. गळ्यात सुंदर टाय, मागे कुणाचं तरी मांजर. त्याने मापाचाच मुद्दा काढला. पेराल्ताने शांतपणे विचारलं, "झगा जुलैअखेर देण्याचं कबूल केलं होतं. दिला कधी?" तो कागद चाळू लागला. कबूल केलेल्या तारखेला वस्तू आली नाही, तर मापाची असो वा नसो, व्यवहार मोडता येतो. दहा दिवसांचा प्रश्नच उरत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्याला लागू आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पेराल्ताला ती तारीख दिसली.

वकील म्हणाला, दुकान गाडी पाठवेल, झगा घेऊन जाईल, भरलेलं सगळं परत करेल.

पेराल्ताने माझ्यापुढे कागद सरकवला. तुझी सही आधीच लावलेली होती, खाली माझी जागा रिकामी.

मी म्हटलं, "विचार करायला वेळ मिळेल?"

"बाई, वेळ हरलेले लोक मागतात. तुम्ही जिंकलात."

"किती दिवस?"

तिने चष्मा काढला. "सोमवारपर्यंत. पण कारण सांगाल?"

"परत करताना कारण लागत नाही असं कायद्यातच आहे. ठेवतानाही लागू नये."

पडद्यावरचा वकील हसला. पेराल्ता हसली नाही. तिने माझा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तू रागावली आहेस, आणि तुला हक्क आहे. त्यांनी तुला दाराबाहेर काढलं आणि तुझ्याच मुलीच्या कानाशी दोन वर्षं बसले. तुझी माफी न मागता तिचे आजोबा झाले. हे सोपं करून घेणं होतं. मी त्यांची बायको आहे, तरी सांगते, सोपं करून घेणं होतं. तुला कपडा परत करायचा नाही, त्यांनाच परत पाठवून द्यायचं आहे. पण ते घ्यायला कोण आहे, पोरी? गाडी येईल आणि जाळीचे चार थर घेऊन जाईल. तुझे वडील तिथेच राहतील, चाकासारेनोच्या रस्त्यावरच्या कबरस्तानात, आणि तुझा रागही तुझ्याजवळच राहील. फक्त त्या मुलीजवळ काही राहणार नाही.

सोमवारी मी सही करणार नाही. हप्ते मी फेडीन. त्यांचं किल्ल्या घासायचं यंत्र घ्यायला एक जण तयार आहे.

आई


२८ ऑगस्ट

नोएलिया,

झगा आज बसने निघाला. या वेळी घरपोच नाही, न्यूकेनच्या टर्मिनलवरून घेऊन जायचा आहे. पावती ब्रिसाच्या नावावर करणार होते.

पार्सल खिडकीवर इथे फाब्रिसियो नावाचा माणूस बसतो. गेले पंधरा दिवस माझी पाकिटं तोच घेतो. त्याने ब्रिसाचा ओळखपत्राचा नंबर मागितला, मी दिला. तिने फोनवर सांगितला होता.

"वय?" त्याने विचारलं.

"पुढच्या महिन्यात पंधरा."

"मग नाही मिळणार तिला, बाई. अठराच्या आतल्याला खोका देत नाहीत. आई-बापाने सोबत यायचं आणि सही करायची."

"बाप नाही."

"मग आईने."

"आणि आई आली नाही तर?"

"आठवडाभर ठेवतात. मग परत तुमच्याकडे. जायचा खर्च घेतात, यायचाही."

मी तिथेच जरा बसले. दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाचं नाव घालता आलं असतं. न्यूकेनला चोलाचा भाचा आहे, तो गेला असता. चोलाने तेच सुचवलं. तिला आता सगळं सांगितलं आहे. "झग्याच्या वेळी मी भलतंच बोलले गं," म्हणाली आणि स्वतःच माते चहाचं पाणी ठेवायला उठली. पण तुझ्या पाठीमागे आणखी एक गोष्ट करायची नाही, असं मी ठरवलं. या घराने ते पुष्कळ केलं.

म्हणून फाब्रिसियोला म्हटलं, "आईचं नाव घाल."

तेव्हा आता हे असं आहे. तुझ्या सहीवाचून झगा परत जाणार नव्हता, आणि तुझ्या सहीवाचून तो तिला मिळणारही नाही. तुला काही करायचं नसेल तर काहीच करू नकोस. आठवड्याने खोका माझ्या दारात येईल आणि मी तो कपाटात ठेवीन. ब्रिसाला तू अडवलंस असं मी सांगणार नाही. ती विचारेल, तर सांगेन की तो अजून वाटेत आहे.

मला तुझ्याकडे बोलावणं नको आहे. हे डावपेच करून लिहीत नाही. तुला ठाऊक आहे मला ते येत नाहीत.

आई


५ सप्टेंबर

नोएलिया,

आठवडा काल संपला. बस येते त्या वेळेला मी सकाळीच खिडकीवर जाऊन बसले. खोके उतरले. टायर आले, कोंबड्यांची पिल्लं आली, कुणाची गादी आली. माझं काही आलं नाही.

फाब्रिसियोला माझी दया आली असावी. त्याने न्यूकेनच्या खिडकीला फोन लावला. तिकडे त्याच्या ओळखीची बाई आहे, फार बोलकी. त्याने आवाज मोठा केला आणि मला आत बोलावून स्टुलावर बसवलं.

"निळ्या झग्याचा खोका? विसरेन कशी? पोरगी रोज शाळा सुटली की यायची. रोज सांगायची, आई उद्या येते. मी म्हणायची, बाळा, मला देता येत नाही गं. म्हणायची, माहीत आहे, मी फक्त बघायला आले, आहे ना अजून? परवा संध्याकाळी शटर ओढत होते, तर दोघी आल्या. आई दवाखान्याच्या कपड्यांत, कामावरून सरळ. मी खोका ठेवला, पावती ठेवली. तिने हातमोजा काढला आणि पेन घेतलं. आणि तशीच उभी. पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव असतं ना, तेच वाचत होती. मला शटर ओढायचं होतं, पण म्हटलं, राहू दे. मग पोरगीच म्हणाली, 'आई, तुला नको असेल तर नको करूस. आपण घरी जाऊ.' तशी तिने केली सही. मग पोरगी उचलायला लागली, तर आई म्हणाली, 'जड आहे, दे इकडे.'"

फाब्रिसियोने फोन ठेवला. रांगेतले लोक खोळंबले होते, म्हणून मी स्टुलावरून उठले.

तिथून चालत घरी आले. वाटेत कुणाशी थांबले नाही. चोला फाटकापाशी उभी होती, तिलाही हात केला फक्त. मला तुझं ते 'जड आहे, दे इकडे' चोलाच्या तोंडात जायच्या आधी घरी न्यायचं होतं.

आई